छत्र्यांनी केलेली चहाडी

छत्री जागवायची तर आधी तिचं पोट बघायचं, असं माझी आत्या म्हणायची. वरचं कापड कितीही देखणं असो, आतल्या काड्या रुसलेल्या असल्या तर ती छत्री जन्मात ऐकणार नाही. दुकानात नवी छत्री आली की आत्या ती उघडायची, आत मान घालून बघायची आणि डॉक्टरांनी सांगावं तसं सांगायची, "ही आळशी आहे." किंवा, "ही हुशार आहे, पण कौतुक फार लागेल."

आमचं घर जागवणाऱ्यांचं. लोक आम्हाला जादूगार म्हणायचे, पण त्यात नाटकी काही नव्हतं. वस्तूच्या कानाशी फुंकर घालायची (छत्रीचा कान कुठे असतो ते मात्र माहीत हवं), ती जागी झाली की लहान मुलाला शिकवावं तशी शिकवायची. शिकलेली छत्री ढग दिसले की आपणहून खुंटीवरून उतरते आणि दारात जाऊन उभी राहते. कुठे विसरून आलात तर दांड्यावर उड्या मारत घरी येते. आमच्या गावात तेव्हा अशी चाळीसेक घरं होती. कुणी कुलपं जागवायचं, कुणी बूट, कुणी घड्याळं. आमचं खाली दुकान, वर बिऱ्हाड, आणि बिऱ्हाडात माणसं तीन: बाबा, बाबांची बहीण म्हणजे माझी आत्या, आणि मी. मला एका जागी बसवत नसे म्हणून आत्याने माझं नाव तुडतुडी ठेवलं होतं. खरं नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर होतं.

घरच्या घरी कुणीही काहीही जागवावं. पण दुसऱ्यांच्या वस्तू जागवायच्या, दुकानावर तशी पाटी लावायची, तर शिक्का लागायचा. वर्षातून एकदा नगरभवनाच्या रंगमंचावर स्पर्धा व्हायची आणि शिक्का मिळायचा एकालाच. आयुष्यात तीनदा उभं राहता यायचं. तिन्ही वेळा हरलात तर परीक्षकांसमोर, आपल्याच हाताने, आपल्या सगळ्या वस्तू निजवायच्या. निजवलेली वस्तू पुन्हा जागी होत नाही. छत्री छत्रीच राहते, पण नुसती.

मी दोनदा हरले होते. पहिल्या वर्षी माझी एक छत्री परीक्षकाच्या नाकावरच उघडली. दुसऱ्या वर्षी बूट शिवणाऱ्याची मुलगी माझ्या अर्धा गुण पुढे गेली. तिच्या बुटांनी अशी काही गिरकी घेतली की मी स्वतःच टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या खेपेला मी वीस वर्षांची होते. माझ्याकडे नऊ छत्र्या होत्या. त्यातली सगळ्यात धाकटी पिवळी, लहान मुलीची, एक काडी मोडकी. ती मी सात वर्षांची असताना चुकून जागवली होती. फुंकर वगैरे काही नाही, मला तिच्याजवळ शिंक आली होती. त्या नऊजणी निजल्या तर मी काय करणार, हा विचार मी मनात येऊ देत नसे. तो आत्या करायची. "यंदा नाही जमलं तर तुझ्या मामाचं बटणांचं दुकान आहेच," ती म्हणायची. "बटणं बरी. जागी नसतात, उलट बोलत नाहीत."

आणि नेमका त्याच वर्षी समोरचा खांब परत आला.

समोर कंदीलवाल्या काकांचं दुकान. काका आणि बाबा रोज दुपारी एकत्र बसायचे आणि एकमेकांच्या धंद्याची टिंगल करायचे. काकांचा मुलगा माझ्याहून वर्षाने मोठा. लहानपणी मी त्याच्या कंदिलाची काच फोडली होती आणि त्याने माझी वेणी दाराच्या कडीला बांधली होती, एवढीच आमची ओळख. मग तो चार वर्षं लांबच्या गावी, मावशीच्या यजमानांकडे, काम शिकायला गेला. गेला तेव्हा माझ्याएवढा होता. परत आला तो रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाएवढा. दुकानाच्या छताला टांगलेले कंदील शिडी न लावता काढायचा. बोलायचाही खांबाएवढंच. त्याला खांब हे नाव मी दिलं आणि आठवड्याभरात सगळ्या गल्लीने ते उचललं.

स्पर्धेला नावं जवळजवळ वर्षभर आधी द्यायची असत. त्या दिवशी नगरभवनाच्या रांगेत हा माझ्या मागे उभा.

"तू कशाला आलास?" मी विचारलं.

"नाव द्यायला."

"यंदाच?"

"मग केव्हा?"

"पुढच्या वर्षी दे. पहिलीच वेळ आहे तुझी, कुठे आग लागलीय?"

"तुझी कितवी?"

मी पुढे बघायला लागले. थोड्या वेळाने मागून आवाज आला, "रांग सरकली."

माझ्या खोलीची खिडकी त्याच्या कामाच्या खोलीच्या बरोबर समोर होती. मधली गल्ली इतकी अरुंद की समोरच्या खिडकीतून मीठ मागून घेता यायचं. मी छत्र्यांचा सराव संध्याकाळी साडेपाच ते सात घ्यायचे. तोही त्याच वेळी घ्यायचा, कारण कंदिलांना दिवसा जांभया येतात. मी ठरवलं, याचा खेळ रोज बघायचा आणि त्यातल्या चुका शोधायच्या. यात वावगं काहीच नव्हतं. स्पर्धेतले सगळेच एकमेकांवर नजर ठेवून असायचे.

माझा खेळ होता धडाक्याचा. नऊ छत्र्या एकामागून एक फटाफट उघडायच्या, चाकासारख्या गडगडत रंगमंचभर फिरायच्या, मग एकीवर एक चढून मनोरा करायच्या आणि शेवटी पिवळी टुणकन उडी मारून टोकावर बसायची. त्याच्याकडे सात कंदील. ते अगदी शांतपणे हवेत चढायचे आणि जिन्यासारखे उभे राहायचे. मग सगळ्यात खालच्या कंदिलात उजेड यायचा, तो मावळून दुसऱ्यात, मग तिसऱ्यात, जणू हातात दिवा घेऊन कुणी न दिसणारं माणूस पायऱ्या चढतंय. वर जाऊन ते माणूस जरा थांबायचं आणि तसंच परत खाली यायचं. एवढाच खेळ. फक्त सातवा कंदील दर वेळी उशिरा यायचा. निम्म्या वाटेत घुटमळायचा. खांब हात वर धरून त्याची वाट बघत उभा राहायचा. ओरडायचा नाही, हातही खाली घ्यायचा नाही. त्याच्या जागी मी असते तर तो कंदील भंगारात गेला असता.

"तुझा सातवा लंगडा आहे," एकदा मी खिडकीतून सांगितलं.

"लंगडा नाही, विचारी आहे."

"गुण कापतील."

"कापू देत. तुझी चौथी सारखी इकडे बघते."

"छत्र्यांना डोळे नसतात."

"मग तिला सांग तसं. मला काय सांगतेस?"

एका संध्याकाळी जोराचा वारा सुटला आणि पिवळी खिडकीतून उडून थेट त्याच्या खोलीत गेली. मी धावत खाली उतरले. तोवर तो त्याच्या दारात आला होता. पिवळीला त्याने कंदिलाच्या वाती काढायच्या दोन लांब चिमट्यांत धरलं होतं आणि हात शक्य तेवढे लांब केले होते, जणू उकळतं पातेलं आणतोय. गल्लीतली सगळी दारं उघडली होती.

"हात लावलास?" मी विचारलं.

"चिमटे लावले."

"खरं सांग."

"बाबा साक्षीला आहेत."

"मी आहे," काका आतून ओरडले. "पोराने श्वासही लांबून घेतला."

यात हसण्यासारखं आज वाटेल, तेव्हा नव्हतं. आमच्या धंद्यात एक रीत फार कडक होती. गिऱ्हाइकाची वस्तू त्याची त्याला जायची, पण स्वतःसाठी जागवलेली वस्तू दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही. ती फक्त घरच्या माणसाच्या हाती द्यायची. जागवणाऱ्यांचं लग्न ठरवताना तर दुसरं काहीच नसायचं. मुलगा आपली वस्तू मुलीच्या हातात द्यायचा, मुलगी आपली त्याच्या, झालं लग्न ठरलं. त्यामुळे गल्लीत कुणाची जागी टोपी जरी पडली तरी लोक तिच्याभोवती उभे राहून मालकाला हाका मारायचे.

पिवळी चिमट्यातून सुटून माझ्याकडे आली, पण येताना दोनदा मागे वळली. मी तिला तिथेच दटावलं.

स्पर्धा आठवड्यावर आली तेव्हा त्याला कुणीतरी सांगितलं, बहुतेक बाबांनीच, की माझी ही शेवटची खेप. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने सराव सुरू केला नाही. खिडकीत येऊन उभा राहिला.

"मी नाव मागे घेऊ का?"

"का?"

"मला अजून दोनदा येता येईल. तुला नाही."

"म्हणजे तू येणार नाहीस, म्हणून मी जिंकणार. असं म्हणायचंय तुला?"

"तसं नाही."

"मग कसं? मामाच्या दुकानात आनंदाने बटणं विकीन मी, पण असला शिक्का दारावर लावणार नाही."

त्याने खिडकीच्या चौकटीवरची काजळी बोटाने पुसली. मग म्हणाला, "बरं. मग मी पूर्ण तयारीने येतो."

"ये."

"राग आला?"

मी खिडकी लावून घेतली. फटीतून बघितलं तेव्हा तो कंदिलांना काहीतरी समजावत होता. मी त्या दिवशी सातपर्यंत फटीतूनच बघितलं.

त्या आठवड्यात छत्र्या बिनसल्या. उघड म्हटलं की उघडायच्या, पण फटाफट नाही, एकदम संथ, स्वप्नात असल्यासारख्या. दोघी-तिघी तर जमिनीवरून वीतभर तरंगायला लागल्या. मी आत्याला बोलावलं. आत्याने एकेकीचं पोट तपासलं, काड्या बोटाने वाजवल्या.

"तब्येत ठणठणीत आहे," ती म्हणाली. "चित्त थाऱ्यावर नाहीये. तुझं आहे का?"

"माझं काय त्यात?"

"मी नुसतं विचारलं," आत्या म्हणाली आणि माझ्या खिडकीचा पडदा ओढून गेली. मी तो परत सरकवला. उजेड नको का?

स्पर्धेच्या दिवशी नगरभवन खचाखच भरलं होतं. परीक्षक तिघं. मधे घड्याळवाल्या बाई, गावातली सगळी मोठी घड्याळं त्यांच्या फुंकरीची. सत्तरीच्या, बारीक, कुणाकडे बघायच्या तर आधी त्याला मिनिटभर वाट बघायला लावायच्या. उजवीकडे कुलूपवाले, त्यांना सगळीकडे चोरच दिसायचे. डावीकडे कुणी पाहुणे होते, त्यांना शेवटपर्यंत काहीच कळलं नाही. आम्ही पाचजण स्पर्धेत. चिठ्ठ्या टाकल्या त्यात माझा नंबर चौथा आला, खांबाचा पाचवा.

पहिल्या तिघांचं जेमतेमच झालं. एकाच्या किटल्या तर पडद्यामागून बाहेरच आल्या नाहीत. माझ्या मनात आलं, आपण नुसतं नेहमीसारखं केलं तरी काम झालं. मी छत्र्या एका ओळीत उभ्या केल्या, मागे सरले आणि हाताने खूण केली.

पहिली छत्री उघडली नाही. ती मिटलेली, ताठ, हळूच हवेत चढली. तिच्यामागे दुसरी, हातभर वर. मग तिसरी. मी पुन्हा खूण केली, दात ओठ खाऊन. चौथी चढली, पाचवी चढली. नऊ छत्र्यांचा जिना होत होता. सातवी वाटेत घुटमळली, आणि तिच्यामागे आठवी नववी खोळंबून राहिल्या. मग सगळ्यात खालची छत्री उघडली, मिटली, दुसरी उघडली, मिटली. न दिसणारं कुणीतरी माझ्या छत्र्यांवरून पायऱ्या चढत गेलं, वर थांबलं आणि परत खाली आलं.

सभागृहाने टाळ्या वाजवल्या. विंगेत खांब उभा होता. तोंड उघडं, हात लटकलेले. मी त्याच्याजवळून गेले तेव्हा मला एवढंच म्हणता आलं, "मी नाही शिकवलं त्यांना. शपथ."

तो काहीतरी म्हणणार होता, पण त्याचं नाव पुकारलं गेलं.

त्याने कंदील मांडले, हात वर केला. आणि सातही कंदील आडवे झाले आणि चाकासारखे गडगडत सुटले. काचा खणखणत होत्या. पुढच्या रांगेतल्या लोकांनी पाय वर घेतले. मग पहिल्यावर दुसरा चढला, दुसऱ्यावर तिसरा, ठोकरा देत, डुगडुगत मनोरा झाला आणि तो विचारी सातवा कंदील, जो जन्मात कधी वेळेवर आला नव्हता, लांबून पळत येऊन टुणकन टोकावर बसला.

आता मात्र टाळ्या अर्ध्यावर थांबल्या. माझा खेळ गेल्या दोन स्पर्धांत सगळ्यांनी बघितला होता. कुलूपवाले, स्पर्धकांनी आपापला खेळ लिहून दिलेला कागद हातात घेऊन, उभे राहिले.

"ही उघडउघड चोरी आहे," ते म्हणाले. "हिने त्याचा खेळ केला, त्याने हिचा. नियम आहे, दुसऱ्याचा खेळ केला की नाव बाद. दोघंही बाद."

बाद म्हणजे माझ्यासाठी तिसरा पराभव. टेबलाच्या कडेला निजवायच्या वस्तूंसाठी लाकडी पेटी ठेवलेली असायची. मी इतका वेळ तिच्याकडे बघितलं नव्हतं. आता बघितलं. नऊ छत्र्या सहज मावल्या असत्या.

घड्याळवाल्या बाईंनी आम्हा दोघांना पुढे बोलावलं. मिनिटभर वाट बघायला लावली. मग विचारलं, "कुणी कुणाचं बघितलं?"

"मी," खांब म्हणाला. "मी तिचं रोज बघायचो. तिचा काही दोष नाही. तिने माझं बघितलंही नसेल."

"खोटं बोलतोय," मी म्हणाले. "मी रोज बघत होते. साडेपाच ते सात."

"कशासाठी?" बाईंनी विचारलं.

"चुका शोधायला."

"किती सापडल्या?"

"एक. सातवा कंदील."

"केव्हा सापडली?"

"पहिल्याच आठवड्यात."

"मग बाकीचं वर्षभर काय बघत होतीस?"

सभागृहात कुणीतरी फिसकन हसलं आणि मग हसू मागच्या रांगांपर्यंत गेलं. आत्याने कपाळावर हात मारून घेतलेला मला वरून दिसला. माझे कान तापले. पण त्याच क्षणी मला छत्र्यांचं कोडं उलगडलं. मी वर्षभर त्यांना तोंडाने गडगडायला सांगत होते, मनोरा सांगत होते. पण वस्तू आपल्या तोंडाकडे बघत नाहीत. आपलं मन जिथे असतं तिथे बघतात आणि तेच शिकतात. आणि त्याचेही कंदील तेच शिकले होते. म्हणजे त्याचंही मन.

मी त्याच्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता, पण कान त्याचेही लाल होते.

"बाई," मी म्हणाले, "आम्ही चोरून शिकवलेलं नाही. वस्तूच आपसूक शिकल्या. माझा खेळ आता यांच्या कंदिलांना येतो, आणि यांचा माझ्या छत्र्यांना. मला कंदील घेऊन माझा खेळ करू द्या. यांना छत्र्या घेऊन यांचा करू द्या. मग ठरवा, कुणाला जागवता येतं आणि कुणाला नाही."

सगळं सभागृह चिडीचूप झालं. मला कळेना, एवढं काय झालं. कुलूपवाले चष्मा काढून म्हणाले, "मुली, तू काय मागतेयस ते कळतंय का तुला?"

तेव्हा कळलं. मी भर सभेत त्याच्याकडे त्याचे कंदील मागितले होते. मागच्या बाजूला बाबांची खुर्ची कोसळल्याचा आवाज आला.

खांबाने पहिला कंदील उचलला. चिमट्याने नाही, हाताने.

"विचार करून मागतेयस?" त्याने हळूच विचारलं.

"नाही," मी म्हणाले. खोटं कशाला बोलायचं.

"बरं," तो म्हणाला. "घे."

कंदील हलके होते, आणि कोमट, जसं काही कुणी आत्ताच हातातून खाली ठेवलेत. मी सात कंदील मांडले. इतक्या वर्षांत मी छत्र्यांना हुकूम सोडत आले होते. कंदिलांना हुकूम कसा द्यायचा ते मला माहीतच नव्हतं, म्हणून मी नुसती त्यांच्याकडे बघत राहिले. ते गडगडले, पण या वेळी काच न वाजवता. सातवा मनोऱ्यापाशी येऊन घुटमळला. मी हात वर धरून उभी राहिले. खांदा दुखला, तरी धरला. त्याने त्याला हवा तेवढा वेळ घेतला आणि वर जाऊन बसला, आणि बसताना सगळ्या कंदिलांत एकदम उजेड आला. ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. खांबानेही कधी सांगितलं नव्हतं.

मग त्याने माझ्या छत्र्या घेतल्या. त्याच्या हाताखाली त्यांचा जिना इतका सुरेख झाला की मला जरा मत्सरच वाटला. फक्त पिवळीने घोटाळा केला. नववी पायरी सोडून ती तरंगत आली आणि माझ्या खांद्यावर बसली. खांबाने तिला दोनदा खूण केली. ती ढिम्म हलली नाही.

परीक्षकांची कुजबुज बराच वेळ चालली. कुलूपवाले नियमांचं पुस्तक आपटत होते. शेवटी बाईंनी ते पुस्तक त्यांच्याकडून घेतलं आणि एक पान उघडलं.

"नियम आहे खरा," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचा खेळ करणारा बाद. पण त्याखाली असंही आहे, की घरच्या माणसाचा खेळ केला तर ती चोरी धरत नाहीत. बाप मुलीला शिकवतो, बायको नवऱ्याला शिकवते, ते काय चोरी म्हणायचं? आता यांनी आपापल्या वस्तू एकमेकांच्या हातात दिल्या त्या आपण सगळ्यांनी बघितल्या. पण ती रीत झाली की नुसती गडबड झाली, ते मला कसं कळणार? ते या दोघांनी सांगावं. पाच मिनिटं देते."

आम्ही विंगेत गेलो. तिथे जुने पडदे आणि एक मोडका पियानो होता. बाईंच्या मनगटावरचं घड्याळ मोठ्याने टिकटिक करायला लागलं होतं, इकडे ऐकू यावं म्हणून.

"हो म्हणून टाक," तो म्हणाला. "छत्र्या वाचतील. मग नंतर काय ते बघू."

"नाही."

"का?"

"छत्र्यांसाठी मी तुला हो म्हणणार नाही. त्यांच्यासाठी मी काहीही करीन, पण हे नाही."

"म्हणजे नाहीच?"

"तसं कुठे म्हणाले?"

तो गोंधळला. उंच माणूस गोंधळला की फार जागा लागते. त्याचं डोकं पडद्याच्या दांडीला आपटलं.

"मग असं धर," डोकं चोळत तो म्हणाला, "की शिक्का नाही, स्पर्धा नाही, काही नाही. मी समोरचा आहे आणि तू इकडची आहेस. मग?"

माझ्या डोळ्यांसमोर ती पेटी होती आणि मी खरंच प्रयत्न करून ती बाजूला सारली. मग जे उरलं ते बघितलं.

"एक चूक सापडल्यावर," मी म्हणाले, "वर्षभर कोण कशाला कंदील बघत बसेल रे?"

"मी पहिल्या दिवसापासून चुका शोधत नव्हतो," तो म्हणाला. त्याच्या हिशेबाने हे भाषणच झालं.

बाहेर येऊन मी बाईंना सांगितलं, "घरचे आहोत. पण शिक्क्यासाठी नाही. शिक्का कुणालाही द्या, नाही दिलात तरी आम्ही घरचेच. आणि लग्न केव्हा ते आमचं आम्ही ठरवू."

"मी तारीख विचारलेली नाही," बाई म्हणाल्या आणि लिहायला लागल्या. लिहिणं संपेना. मी छत्र्यांच्या ओळीपाशी जाऊन उभी राहिले. नऊच्या नऊ माझ्या अंगाला टेकल्या होत्या. त्यांना कळत होतं.

"दोन्ही खेळ चांगले," शेवटी बाई म्हणाल्या. "मुलाचा अधिक सफाईचा. पण त्याची एक छत्री पायरी सोडून गेली, त्याचा एक गुण गेला. मुलीच्या हाताखाली कंदील न शिकवलेलं काही करून गेले, त्याचा एक गुण वाढला. शिक्का मुलीला."

मी नऊच्या नऊ छत्र्या कवेत घेतल्या. बोलली ती आत्या. ती तिसऱ्या रांगेतून म्हणाली, "माझ्या भाचीला तिसऱ्याच वेळेला जमलं, लिहून ठेवा." आणि मग तिने डोळे पुसले, आणि कुणी बघतंय असं दिसल्यावर शेजारणीला म्हणाली की इथे धूळ फार आहे.

घरी चालत गेलो. मी सात कंदील घेतले होते, त्याने नऊ छत्र्या, आणि शिक्का आत्याने पदराखाली घट्ट धरला होता. लोक दारात येऊन बघत होते. आम्ही भांडत होतो.

"ती पिवळी मुद्दाम गेली," तो म्हणाला. "तिला तू खूण केलीस."

"मी हातही हलवला नाही."

"मनात केलीस."

"मनात काय करायचं ते आता मला विचारून करायचं का?"

"पुढच्या वर्षी मी येणारच आहे."

"ये की. आडवं कोण आलंय? मी पहिल्या रांगेत बसीन."

"पहिल्या नको. शेवटच्या रांगेत बस. नाहीतर कंदील पुन्हा बिघडतील."

पुढच्या वर्षी तो आला आणि जिंकला, दुसऱ्याला अडीच गुणांनी मागे टाकून. ते अडीच गुण तो अजून सांगतो. लग्न आम्ही त्यानंतर दोन वर्षांनी केलं.

पण त्या दिवशी आमच्यापुढे बाबा आणि काका चालले होते आणि त्यांना आमच्या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं. ते दोघं दोन्ही खिडक्यांच्या मधे, गल्लीवरून, एक लाकडी पूल टाकायचा का यावर बोलत होते. काकांचं म्हणणं, त्यांच्या बाजूने सुरू करावा. बाबांचं म्हणणं, आमच्या. नगरभवनापासून घरापर्यंत त्यांचं काही ठरलं नाही. पुढे दोघांनी आपापल्या बाजूने बांधायला घेतला, आणि मधे आल्यावर वीतभर फरक पडला. तिथे एक पायरी करावी लागली. ती अजून आहे. नवा माणूस तिथे हमखास अडखळतो.